पहारेकऱ्याला घर नाही

आमच्या थोरल्या साडूंच्या घराची घंटा वाजवली की दार लगेच उघडत नाही. आधी आतून प्रश्न येतो, "कुणाकडे काम आहे?" घरात माणसं दोनच. एक ते स्वतः आणि दुसरी त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो. त्यामुळे उत्तराला फारसा वाव नसतो. तरी ते द्यावं लागतं. एकदा मी गमतीने म्हणालो, "कुणाकडेच नाही, सहज आलोय." दारापलीकडे इतका वेळ शांतता पसरली की शेवटी ताईनेच येऊन मला आत घेतलं. साडू बाजूला उभे होते. चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती. सहज आलेल्या माणसाचं काय करायचं, हे त्यांना नोकरीत कुणी शिकवलंच नव्हतं.

नोकरी बटणांच्या कारखान्यात. शर्टाची, कोटाची, उशीच्या अभ्र्याची अशी सगळी बटणं तिथे होत आणि साडू त्या कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होते. ऐन तारुण्यात त्या फाटकाशी जे उभे राहिले ते निवृत्त होईपर्यंत हलले नाहीत. शेजारी त्यांची पत्र्याची खोली. खोलीत एक उंच स्टूल, खिळ्याला टांगलेली टोपी आणि आतल्या साहेबांना विचारायला एक टेलिफोन, की अमुक अमुक आलेत, सोडू का. आतून "सोडा" आलं की मिळे चिठ्ठी. साडूंच्या लेखी जगात माणसांचे दोनच प्रकार होते: चिठ्ठी असलेली आणि चिठ्ठी नसलेली. कामगार त्यांना पाठीमागे 'अडसर' म्हणत. हळूहळू तोंडावरही म्हणू लागले, कारण त्या नावाचं साडूंना वाईट वाटत नाही, उलट बरं वाटतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

एकदा कारखान्यात आगीची तालीम होती. अग्निशामक दलाची लाल गाडी घंटा घणघणवत आली आणि फाटकाशी थांबली. साडूंनी खिडकीतून डोकं काढून विचारलं, "कुणाकडे काम आहे?" गाडीचा ड्रायव्हर थोर माणूस असला पाहिजे. तो म्हणाला, "आगीकडे." साडूंनी टेलिफोन उचलला. आतून निरोप येईपर्यंत, आग खरी असती तर, बटणांचं एकच मोठं बटण झालं असतं. पण त्या दिवसानंतर व्यवस्थापकांनी त्यांना बोलावून कौतुक केलं की कानउघाडणी केली, हे आजवर कुणाला समजलेलं नाही. साडूंना विचारलं तर म्हणतात, "बोलले चांगलं."

या अडसराला एकच मुलगी. घरात तिचं नाव चिमी. ती शाळेत असताना ताई तिच्याबरोबर बापाला चहाचा थर्मास पाठवायची. चिमी फाटकाशी यायची. साडू विचारायचे, "कुणाकडे काम आहे?"

"तुमच्याकडेच, बाबा."

"मग इथेच थांब."

थर्मास घ्यायचे, तिथेच तिला खिशातून काढून एखादं वेडंवाकडं, टाकाऊ बटण द्यायचे आणि घरी पाठवायचे. चिमीकडे अशी बरणीभर बटणं जमली. बटणं होतात कशी, ते मात्र तिला कधी दिसलं नाही. कारखाना आतून बघायचा तिने पुष्कळ हट्ट केला. साडू म्हणायचे, "चिठ्ठी आण." चिठ्ठी कोण देतं, तर आतले साहेब. आत कोण सोडतं, तर बाबा. पोर बिचारी दमून गेली.

ही चिमी मोठी झाली आणि एका वेबसाइटवर नोकरीला लागली. काम असं की व्हिडिओ गेम खेळायचे आणि त्यांच्यावर मत लिहायचं. खेळ कुठे जमलाय, कुठे फसलाय, घ्यावा की घेऊ नये. तिचं लिहिणं लोक वाचतात, तिच्याशी भांडतात, तिचं ऐकतातही. आमच्या घरात तिचा केवढा अभिमान. साडूंच्या घरात मात्र गाडी पहिल्या दिवशी जिथे अडली तिथेच अडली. ते मला म्हणाले होते, "खेळते आणि मग खेळ कसा होता ते सांगते. हे ती शाळेतही करायची. तेव्हा मी रागवायचो. आता तिला पगार मिळतो म्हणून गप्प बसायचं का?" बोलले हसत, पण चिमीच्या कानावर ते गेलं. तिच्या मनात एवढंच होतं, की बाबांनी आयुष्यात एकदा तरी आपल्या कामाला काम म्हणावं.

साडू निवृत्त झाले आणि ताईच्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवू लागले. येणारी-जाणारी ताई एकटीच. काही दिवसांनी तिने चिमीला फोन केला, "यांचं काहीतरी कर, नाहीतर मला माझ्याच ओट्यापाशी जायला चिठ्ठी लागेल." चिमीने आपलं जुनं खेळाचं यंत्र पाठवून दिलं आणि त्यात एक जपानी खेळ घालून दिला. "बाबा, सध्या मी यावरच लिहितेय. बघा तरी मी काय करते ते."

जन्म बटणांच्या कारखान्याच्या दारात गेलेल्या माणसाला पहिल्यांदा बटणं दाबायची वेळ आली ती ही अशी, साठी उलटल्यावर.

खेळाचं नाव जपानी आणि लांबलचक. साडूंनी ते कधीच उच्चारलं नाही. ते त्याला 'गाव' म्हणत. "आज गावात गेलो होतो." त्या खेळात आपण एक भटका तलवारबाज असतो. डोंगर, समुद्र, ओसाड देवळं असा प्रवास करायचा, वाटेत राक्षस भेटतील त्यांच्याशी तिथल्या तिथे दोन हात करायचे, आणि लढता लढता आपला माणूस ताकदीने आणि अकलेने वाढवायचा. त्या वर्षी या खेळावरून समीक्षकांत जुंपली होती. कुणी म्हणे अशी लढाई आजवर कुठल्या खेळात झाली नाही. कुणी म्हणे गोष्ट इतकी गुंतवलीय की राक्षसही गोंधळलेले वाटतात. समुद्रातल्या नागिणीला हरवणं अशक्य आहे, हा अन्याय आहे, असं म्हणणारा एक मोठा गट होता. शेवट समजला असं म्हणणारा गट छोटा होता आणि त्यांचंही आपसात पटत नव्हतं. चिमीचं मत असं, की लढाई उत्तम, गोष्ट पसरट. मी हे सगळं वाचत असे, कारण भाचीचं लिहिणं वाचलं नाही तर बायको जेवायला वाढताना हात आखडता घेते.

दर रविवारी चिमी घरी फोन करी आणि बापाला विचारी, "मग? कसा वाटतोय खेळ?" साडू मत देत. "विहिरीचा दोर भिजला की काळपट दिसतो. काम बारकाईने केलंय." दुसऱ्या रविवारी, "त्या म्हातारीची कोंबडी रोज पळते. चूक कोंबडीची नाही, खुराड्याच्या कडीची आहे." एकदा म्हणाले, "खेळ संथ आहे, पण माणसं सरळ आहेत." चिमीने ही मतं गंमत म्हणून आपल्या वेबसाइटवर 'बाबांचं मत' या मथळ्याखाली टाकली आणि वाचक त्यावर लट्टू झाले. त्यांना वाटलं, हा कुणी पोचलेला गडी दिसतो. याने सगळे राक्षस मारले, नागीण मारली, शेवटही समजून घेतला, आणि आता तलवार ठेवून पहिल्या गावात शांतपणे पाणी भरत बसलाय. चिमीलाही तसंच वाटलं. मग तिच्या ऑफिसात ठरलं, की या खेळावर एक चर्चा करायची, ती ध्वनिमुद्रित करून लोकांना ऐकवायची, आणि तीत बाबांना बोलवायचं.

साडू "येतो" म्हणाले. ताईने त्यांचा कोट धुवायला टाकला. आणि त्याच आठवड्यात मी दुपारचा त्यांच्याकडे गेलो.

दाराशी काम सांगून आत गेलो. साडू ताठ पाठीच्या खुर्चीत बसून खेळत होते. पडद्यावर त्यांचा तलवारबाज खांद्यावर कावड घेऊन चालला होता. कमरेला तलवार नव्हती.

"साडूभाऊ, तलवार कुठाय?"

"पेटीत ठेवलीय. गावात हत्यार लावून फिरणं बरं दिसत नाही."

मी आपली माहिती पाजळायला विचारलं, "नागिणीला कसं हरवलंत?"

"कुठली नागीण?"

"समुद्रातली."

"इथे समुद्र नाही. ओढा आहे."

मला वाटलं थट्टा करताहेत. पण साडूंना थट्टा करता येत नाही. ती करायला त्यांना आतून परवानगी लागेल. ते तलवारबाजाला चालवत गावाच्या टोकाशी घेऊन गेले. तिथे लाकडी फाटक. फाटक सताड उघडं. बाजूला भाला घेतलेला एक पहारेकरी. तलवारबाज जवळ जाताच तो म्हणाला, आणि खाली अक्षरं उमटली, "पाहुण्या, पुढे जाऊ नकोस. फाटकाबाहेर धोका आहे." साडूंनी एक बटण दाबलं. तलवारबाजाने कमरेत वाकून नमस्कार केला, वळला आणि गावात परतला.

"रोज येऊन विचारतो," साडू म्हणाले. "रस्ता मोकळा झाला की सांगेलच तो."

ताईने दिलेला चहाचा कप मी खाली ठेवला. तो खेळ खेळणाऱ्या एकूण एक माणसाने त्या पहारेकऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तो बोलतो, बास. अडवत नाही. त्याच्या नाकासमोरून पळत बाहेर जायचं असतं, मग खेळ सुरू होतो. डोंगर, देवळं, राक्षस, नागीण, न समजणारा शेवट, सगळं त्या फाटकापलीकडे. इतके महिने खेळून आमचे साडू खेळाच्या उंबऱ्यावर उभे होते, आणि आठवड्याने समीक्षकांसमोर बसून त्यावर मत देणार होते.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती चपला काढत होती, तशीच खाली बसली.

"म्हणजे भाऊजींनी काहीच पाहिलेलं नाही?"

"गाव पाहिलंय. बारकाईने."

"आणि चिमीने ऑफिसभर सांगितलंय की बाबांनी खेळ संपवलाय म्हणून. हसतील हो लोक. तिला हसतील ते वेगळं, आणि यांना हसलेलं तिला बघवणार नाही ते वेगळं. आधीच त्या दोघांचं त्या कामावरून तसं."

"चिमीला सांगतो मग."

"ती बोलावणं रद्द करेल, आणि भाऊजी का म्हणून विचारतील. भाऊजींनाच सांगा. पण मन न दुखवता."

मन न दुखवता सांगायचं काम आमच्या घरात माझ्याकडे येतं, आणि मी ते नेहमी बिघडवतो. तरी दुसऱ्या दिवशी मी साडूंना फिरायला बाहेर काढलं. त्यांच्या घराजवळच्या बागेत बाकावर बसलो. समोर एक माणूस पाइपने झाडांना पाणी घालत होता. मी हवेवर बोललो, गुडघ्यांवर बोललो, मग म्हणालो, "साडूभाऊ, तो खेळातला पहारेकरी आहे ना, तो आपलं नुसतं म्हणतो."

"काय म्हणतो?"

"की पुढे जाऊ नकोस. त्याचं ते बोलणंच आहे. तो अडवत नाही कुणाला."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. "नुसतं म्हणत नाही. उभा आहे तिथे."

"हो, पण तो उभा केलाय शोभेला. बाकीचे लोक जातात त्याच्यासमोरून."

पाण्याच्या पाइपकडे बघत ते शांतपणे म्हणाले, "मी नको म्हटल्यावर जे आत घुसले ना, त्यांच्यातला एकही मी विसरलेलो नाही. आता इतरांनी केलं म्हणून मी करू?"

मी गुडघ्यांवर परत आलो.

उठताना तेच म्हणाले, "त्या खेळाबद्दल माझी एक तक्रार आहे. मोठी आहे. ती मी तिथे जाऊनच मांडणार." काय तक्रार, ते सांगेनात. घरी मी बायकोला म्हणालो की सांगून झालं. ती म्हणाली, "ऐकलं का त्यांनी?" मी म्हणालो, "ऐकलं." हे खोटं नव्हतं.

ठरल्या दिवशी सोबत म्हणून मी त्यांच्याबरोबर गेलो. चिमीचं ऑफिस एका उंच इमारतीत. दारात काचेच्या टेबलामागे एक पहारेकरी बसला होता. गणवेश कडक इस्त्रीचा, मिशी बारीक. साडू आत शिरताच त्याने हात आडवा केला आणि विचारलं, "कुणाकडे काम आहे?"

मी साडूंचं लग्न सोडलं तर बाकी सगळे आनंदाचे प्रसंग पाहिलेत. चिमीच्या जन्माच्या दिवशी मी दवाखान्यात होतो. पण हा प्रश्न ऐकून त्यांचा चेहरा जो उजळला, तसा मी कधी पाहिला नव्हता. ते कोट सारखा करून सरळ उभे राहिले. हा प्रश्न जन्मभर विचारला, पण त्याचं उत्तर द्यायची पाळी त्यांच्यावर कधी आलीच नसावी.

"माझ्या मुलीकडे," ते म्हणाले.

"नाव?"

साडूंनी नाव सांगितलं. पहारेकऱ्याने टेलिफोन उचलला, वर विचारलं, मान हलवली आणि दोघांना निळ्या फितीचे दोन पास दिले. "गळ्यात ठेवा. जाताना परत द्या." लिफ्टमध्ये साडू मला हळूच म्हणाले, "चांगला माणूस आहे. विचारल्याशिवाय सोडलं नाही."

वरची खोली छोटी. भिंतींना सुरकुतलेला काळा स्पंज लावलेला, आवाज घुमू नये म्हणून. मधे टेबल, टेबलावर लोंबते माइक, कोपऱ्यात मोठा पडदा. मला एका स्टुलावर खोकायचं नाही या अटीवर बसवलं. टेबलाशी चिमी, तिच्या समोर साडू आणि बाजूला तिच्या ऑफिसातला एक दाढीवाला समीक्षक. त्याने म्हणे तो खेळ परत परत संपवला होता. मी मनातल्या मनात सगळ्यांची क्षमा मागून ठेवली.

चिमीने ओळख करून दिली. 'माझे बाबा' म्हणताना तिचा आवाज जरासा वेगळा झाला. मग दाढीवाला बोलू लागला. लढाईबद्दल छान बोलला. तलवारीचं वजन हाताला जाणवतं म्हणाला, हरलो तरी चूक आपलीच होती असं वाटतं, हे या खेळाचं यश आहे म्हणाला. पुढे म्हणाला, "पण सुरुवात रटाळ. ते पहिलं गाव तर उडवूनच टाकायला हवं होतं."

"कुठलं गाव?" साडूंनी विचारलं.

"ते हो काका, विहीर, कोंबडी, म्हातारी. काही घडतच नाही तिथे."

"तुम्ही किती राहिलात तिथे?"

"राहतोय कुठला. पळतच बाहेर पडलो."

"म्हातारीला सांगून निघालात?"

"नाही."

"निदान सांगून तरी निघायचं."

दाढीवाला मनापासून हसला. "चुकलंच काका. पुढच्या खेपेला सांगून निघतो." चिमीही हसली. मला वाटलं, निभावलं. तेवढ्यात दाढीवाल्याने आपुलकीनेच विचारलं, "तुम्हाला शेवट कसा वाटला?"

माझ्या घशात खोकला आला आणि तिथेच बसला.

"शेवटाचं नंतर," साडू म्हणाले. "आधी माझी तक्रार. त्या गावात सगळ्यांना घर आहे. म्हातारीला आहे, लोहाराला आहे, कोळ्याला आहे. कोंबडीलासुद्धा खुराडं आहे. अंधार पडला की सगळे आपापल्या घरी जातात, दिवे लागतात. फाटकावरचा पहारेकरी तेवढा कुठे जात नाही. मी त्याच्याजवळ उजाडेपर्यंत उभा राहून पाहिलं. मग गावातलं एकेक घर तपासलं. त्याचं घरच नाही. ज्यांनी हा खेळ केला त्यांनी दोराचा रंगसुद्धा विचार करून दिला. पण त्या माणसाला उभं केलं आणि विसरले. ड्यूटी संपल्यावर हा जाणार कुठे, याचा विचार कुणी केला नाही. एवढ्या चांगल्या खेळात हे शोभत नाही."

दाढीवाल्याने तोंड उघडलं. चिमीने त्याच्यासमोर नुसता हात धरला आणि त्याने ते मिटलं. ती बापाकडे बघत होती. तिला सगळं एकदम कळलं होतं, इतक्या रविवारच्या त्या विहिरी आणि कोंबड्या. विषय बदलणं तिच्या हातात होतं. तिने बदलला नाही.

"बाबा, त्याला घर आहे."

"कुठे?"

"फाटकाबाहेर. वळणावर, डाव्या हाताला."

साडू थबकले. "फाटकाबाहेर."

"तुम्ही कधी गेलाच नाहीत ना?"

"त्याने नको म्हटलंय."

दाढीवाल्याच्या दाढीत काहीतरी हललं, पण बाहेर पडलं नाही. साडूंचे कान लाल झाले होते. त्यांनी टेबलावरचे हात खाली मांडीवर घेतले. बागेतलं माझं बोलणं त्यांना आता आठवत असणार, आणि माझं स्टूल मला फारच उंच वाटू लागलं.

चिमी म्हणाली, "मलाही तुम्ही कधी आत सोडलं नाहीत."

"चिठ्ठी नव्हती तुझ्याकडे."

"नव्हती. पण आज तुमच्याकडे आहे." तिने पुढे वाकून त्यांच्या गळ्यातला पास बोटाने उचलला. "या खोलीत जे आहे ते सगळं बघायची परवानगी आहे ही. आणि खेळ या खोलीत आहे."

साडूंनी पास उलटा केला, सुलटा केला. मागची बाजूही वाचली. मग म्हणाले, "बरोबर आहे."

चिमीने कोपऱ्यातला पडदा सुरू केला. काय केलं ते मला विचारू नका, पण साडूंचाच तलवारबाज घरच्यासारखा तिथे हजर झाला, विहिरीपाशी. साडूंनी त्याला फाटकाशी नेलं. पहारेकरी म्हणाला, पाहुण्या, पुढे जाऊ नकोस, फाटकाबाहेर धोका आहे. तलवारबाजाने कमरेत वाकून नमस्कार केला. "जाऊन येतो," साडू मोठ्याने म्हणाले, आणि बाहेर पडले.

पडद्यावर काहीच झालं नाही. पहारेकरी समोर बघत उभा राहिला.

"मागे वळूनही बघत नाही," साडू म्हणाले. "बघायला हवं. मी बघायचो."

वळणावर डाव्या हाताला खरंच एक लहानसं घर होतं. गवताचं छप्पर, धुराचा एक धागा, भिंतीला टेकवून रचलेली थोडीशी लाकडं. आत खिळ्याला एक टोपी टांगलेली. दारात एक बाई उभी होती. साडूंनी बोलायचं बटण दाबलं. ती म्हणाली, "ते फाटकावर आहेत. काही निरोप आहे का?"

त्यांनी तिला पुन्हा बोलायला लावलं, आणि पुन्हा. ती दर वेळी तेच म्हणाली. ताईने आयुष्यभर दारात आलेल्या माणसांना हेच वाक्य सांगितलं असेल.

"आहे," शेवटी ते माइककडे वळून म्हणाले. "घर आहे. माझी तक्रार मागे घेतो. लिहा तसं." मग पडद्याकडे बघून, "लाकडं कमी दिसतात पण. थोडी फोडून देतो," आणि त्यांनी तलवारबाजाला घरामागच्या झाडीकडे वळवलं.

"काका, तलवार," असं म्हणत दाढीवाला अर्धवट उठला. तलवार गावातल्या पेटीत होती. चिमीने त्याला बाहीला धरून खाली बसवलं.

झाडीत काहीतरी उभं होतं. अस्वलाएवढं, शिंगं असलेलं, तोंडातून वाफ सोडणारं. दुसरा कुणीही पळाला असता. साडू त्याच्या अगदी समोर जाऊन थांबले आणि सवयीने बोलायचं बटण दाबत म्हणाले, "कुणाकडे काम आहे?"

त्या प्राण्याने काम एका फटक्यात सांगितलं. पडदा काळा झाला. मग हळूहळू उजळला, आणि तलवारबाज गावात, विहिरीशेजारी, उताणा पडलेला दिसला. शेजारून कोंबडी पळत गेली.

"सांगितलं होतं त्याने," साडू म्हणाले.

त्यावर दाढीवाला फुटला. चिमीने डोकं टेबलावर टेकलं आणि ती खांदे हलवत हसू लागली, लहानपणी हसायची तशी, आवाज न करता. माझा इतका वेळ अडलेला खोकला बाहेर पडला आणि कायमचा मुद्रित झाला. साडू कुणाकडेही न रागावता सगळ्यांचं हसून होईपर्यंत थांबले. गर्दी ओसरेपर्यंत थांबायची त्यांना सवय आहे. मग माइकजवळ तोंड नेऊन म्हणाले, "खेळाबद्दल माझं मत असं की पहारेकरी बरोबर होता. बाकी खेळ चांगला आहे."

दाढीवाल्याने विचारलं, "शेवटाचं काय, काका?"

"तो मी पाहिलेला नाही. पाहिला की सांगेन."

खाली यायला आम्ही जिना घेतला, कारण लिफ्टला माणसं थांबली होती. चिमी सोडायला आली. दोन पायऱ्या पुढे चालणारे साडू मधेच थांबून तिला म्हणाले, "म्हणजे तुझं काम असं, की लोक आत जायच्या आधी तू त्यांना सांगतेस, आत काय आहे."

"हो."

"कुठे धोका आहे, कुठे जाण्यात अर्थ नाही."

"हो, बाबा."

"आणि ते ऐकतात?"

"काही ऐकतात. बरेचसे माझ्यासमोरून पळत आत जातात, आणि मग येऊन मलाच बोलतात."

"ते असतंच," साडू म्हणाले. "काम म्हटलं की असतं ते. आपण सांगत राहायचं." आणि पुढे उतरू लागले. चिमी तिथेच कठड्याला धरून उभी राहिली. मी मागून येत होतो, मला वाट द्यायचंही तिला सुचलं नाही. मी कठड्याला चिकटून गेलो.

खाली काचेच्या टेबलाशी मी माझा पास ठेवला. साडूंनी आपला हातात धरून ठेवला होता.

"पास, काका," पहारेकरी म्हणाला.

"हा मला ठेवता येईल का? आठवण म्हणून."

"नाही. परत द्यावा लागतो."

"मुलीचं ऑफिस आहे."

"तरी द्यावा लागतो."

साडूंच्या चेहऱ्यावर पुन्हा तो मघाचा उजेड आला. त्यांनी फीत नीट गुंडाळून पास टेबलावर ठेवला. मी दारापर्यंत पोचलो तरी ते मागेच. वळून पाहिलं तर टेबलावर किंचित वाकून विचारत होते, "तुमचं घर कुठे?"

पहारेकरी जरा गोंधळला. त्या टेबलामागे बसून त्याने आजवर हजारो प्रश्न विचारले असतील, त्याला कुणी विचारला नसावा. त्याने रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. "ते काय, पुलाच्या पलीकडे. वळणावर."

"डाव्या हाताला?"

"उजव्या."

"बरं," साडू म्हणाले, आणि बसच्या रांगेत उभं राहिल्यावरही पुलाकडे मान उंच करून बघत राहिले.